ऑटिझम असलेल्या मुलाला काही तास सांभाळायचं काम करायचंय, आईवडिलांना तेवढीच उसंत. सुरुवात कशी करू?

पदवी लागत नाही, पण प्रशिक्षण घ्याच. १९९९च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची (नॅशनल ट्रस्ट, ऑटिझमसारखं अपंगत्व असलेल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) 'सहयोगी' योजना अशा काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठीच आहे.

पहिल्याच दिवशी आईला बाहेर पाठवू नका. ती घरात असताना दोन-तीनदा जा आणि नुसतं बघा. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच तो कान झाकतो का, वरण भाताला लागलेलं चालतं का, शी-शू लागली की कसं सांगतो. बोलत नसेल तर चित्रांची कार्डं कुठे ठेवतात ते विचारून घ्या. चिडला की समजावत बसू नका (हे सगळेच करतात). टीव्ही, ट्यूबलाइट बंद करा, थोडं लांब बसा.

पैसे तासावर ठरवा. धुणीभांडी तुमच्याकडे नाहीत, हेही आधीच बोला, नाहीतर हळूहळू गळ्यात पडतात.