नववीत आहे, घरी न मागता सहलीचे अडीच हजार रुपये कसे जमवू? मित्र हसतील का?

तुझ्या प्रश्नातला 'घरी न मागता' हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण तिथेच बहुतेक जण स्वतःला फसवतात. मीही फसवलंय.

आठवीत मी स्काऊटमध्ये होतो. 'खरी कमाई'चा आठवडा असायचा. शेजारी जाऊन सायकल पूस, गहू निवडून दे, आणि त्या काकूंकडून कार्डावर रक्कम लिहून सही घे. ती कमाई खरंच खरी होती. पण त्याच वर्षी शाळेत आनंदमेळावा झाला. आम्ही चौघांनी वडापावचा स्टॉल लावला आणि 'सहाशे रुपये फायदा' म्हणून मिरवलो. बटाटे, तेल, गॅस सगळं चौघांच्या आयांचं. फायदा कसला? घरचेच पैसे फिरून आमच्या खिशात आले होते.

म्हणून आधी एक वही कर. माल कितीचा, विकला कितीला, उधारी किती आणि तास किती लागले. तासांचा रकाना कुणी ठेवत नाही, तू ठेव.

माझी नववीतली वही सांगतो. दिवाळीला आकाशकंदील करायचे ठरवले, पारंपरिक, बांबूच्या कामट्यांचे. कामट्या तासून दोऱ्याने सांगाडा बांधायचा, वर पतंगाचा कागद. खळ घरीच शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं कागद कुरतडतात. (मोरचूद विषारी असतं. आजी ते स्वतःच्या हाताने घालायची, आम्हाला शिवू द्यायची नाही.) पहिल्या कंदिलाला अख्खी दुपार गेली, पुढे सरासरी दीड तास. एकूण ४० केले. एकाला सामान २२ रुपयांचं, म्हणजे ८८० रुपये गुंतले. किंमत ७० ठेवली. वसुबारसेपर्यंत बरे खपले, लक्ष्मीपूजनानंतर कोण कंदील घेतंय! विकले गेले २४. त्यातल्या तिघांनी 'नंतर देतो' म्हटलं, ते नंतर अजून यायचंय. हातात आले १४७० आणि खर्च वजा जाता उरले ५९०. साठ तासांचे. तासाला दहा रुपयेसुद्धा नाहीत, आणि माळ्यावर सोळा कंदील.

दहावीच्या दिवाळीला अभ्यासामुळे वेळच नव्हता, त्यामुळे डोकं चालवावं लागलं. दोन नमुने करून सोसायटीत दारोदार दाखवले. रंग तुम्ही निवडा, गॅलरीत टांगून मी देईन, किंमत १०० आणि ४० रुपये विसार आत्ता. विसार हातात पडल्याशिवाय एकही कामटी तासली नाही. १८ कंदील झाले. तोवर हात बसला होता, एकाला तासभर लागायचा. सामान ४५०, उरले १३५०. कंदील निम्म्याहून कमी आणि पैसे दुपटीहून जास्त.

तुला कंदीलच करायला हवेत असं नाही. दहावीची जुनी पुस्तकं बघ. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, त्यामुळे जुन्या पुस्तकांना गिऱ्हाईक खरं तर नववी-दहावीचंच. परीक्षा संपली की मुलांना गाईड आणि अपेक्षितचा गठ्ठा डोळ्यांसमोर नको असतो, तेव्हा घ्यायचा आणि जूनच्या तोंडावर विकायचा. फक्त त्या वर्षी अभ्यासक्रम बदलतोय का ते आधी सरांना विचार, नाहीतर थेट रद्दीचा भाव. तिसरी-चौथीच्या पोरांचा गृहपाठ घेणंही चांगलं, पण तिथे रोज जावं लागतं. तुला जमेल का ते तूच ठरव.

धाकटा भाऊ-बहीण सातवी-आठवीत असेल तर त्यांच्या कानावर घाल: आठवीत एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा असते. सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी, घरच्या उत्पन्नाला साडेतीन लाखांची मर्यादा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. माझ्या वहीच्या हिशोबाने यापेक्षा चांगला तासाचा दर कुठे मिळायचा नाही. तुझी वेळ मात्र गेली.

दुकानात कामाला लागायचा विचार असेल तर वय बघ. चौदा पूर्ण नसतील तर कामावर ठेवणारा गुन्ह्यात अडकतो. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावलेला चालतो. चौदा ते अठरामध्येही स्फोटकं, ज्वालाग्राही वस्तू अशी धोक्याची कामं बंद आहेत. फटाक्यांच्या स्टॉलवर तर मी माझ्या भाच्यालाही उभं करणार नाही.

आणि मोबाईलवर 'व्हिडिओ लाईक करा, रोज पाचशे मिळवा' असलं काही आलं तर उघडूही नकोस. आधी पन्नास देतात, मग 'डिपॉझिट' मागतात. त्याहून वाईट म्हणजे 'तुझं खातं दोन दिवस वापरायला दे, कमिशन देतो'. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येणारं बचत खातं बँका देऊ शकतात. असं खातं जरूर काढ, पण दुसऱ्याला वापरायला दिलंस तर पोलीस तुझ्या दारात येतील.

मित्रांच्या हसण्याचं म्हणशील तर मी सातारचा आहे. इथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, स्वतःची कामं स्वतः करायची. 'कमवा आणि शिका' हे आमच्याकडे भिंतीवर लिहिलेलं असतं. तरीही मला हसलेच. 'कंदीलवाला' म्हणायचे. त्यातल्याच एकाच्या आईने दुसऱ्या वर्षी दोन कंदील सांगितले, विसारासकट.

सहली बहुतेक डिसेंबर-जानेवारीत निघतात, म्हणजे दिवाळी तुला आधी मिळतेय. नमुने नवरात्रात तयार ठेव आणि दसरा झाला की दारोदार फिरायला लाग. उशीर केलास तर लोक बाजारातून आणून मोकळे होतात.