एकच रस्ता, वरून खालपर्यंत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता दोनदा वाचला. पहाटे रोमहून निघायचं, दुपारपर्यंत पॉम्पेई, मग व्हेसुव्हियसचं तोंड, संध्याकाळी अमाल्फीचा किनारा, रात्री परत रोम. आणि खाली विचारलंयस, "मावशी, यात हर्क्युलेनियम बसेल का?"

नाही बसणार. ज्वालामुखीने गाडलेल्या या दोन जुन्या रोमन गावांपैकी एकटं पॉम्पेईसुद्धा बसत नाही त्यात. युरोपात पुन्हा यायला मिळेल की नाही, ही तुझी धास्ती मला कळते. मैत्रिणी किनाऱ्यावर जाणार आणि तू एकटी मागे राहणार, हेही कळतं. पण तू पाण्याचं इंजिनिअरिंग शिकतेस गं! जगातलं सगळ्यात चांगलं उघडं पडलेलं जुनं पाणीवाटप तुझ्यापुढे असताना तू बसच्या वेळा काय जुळवत बसलीस?

पॉम्पेई सुमारे ६६ हेक्टर आहे. १७४८ पासून खणताहेत, तरी जवळजवळ एक तृतीयांश गाव अजून मातीखाली आहे. ते सगळं 'करायचा' विचार सोड. एक रस्ता निवड आणि तो वरून खालपर्यंत चाल. बाकी काही झालं नाही तरी चालेल.

कुठला रस्ता, ते मीच सांगते. गावाच्या उत्तरेच्या वेशीपासून, पोर्ता व्हेसुव्हियोपासून, दक्षिणेच्या पोर्ता स्टाबियापर्यंत. पुढे त्याला व्हिया स्टाबियाना म्हणतात. किलोमीटरभरही लांब नाही, पण उतार ३० मीटरपेक्षा जास्त. सुरुवात वरच्या वेशीशी असलेल्या विटांच्या इमारतीपासून कर. आत सोडतातच असं नाही, बाहेरून बघ. कालव्याचं पाणी आधी इथे यायचं आणि इथून तीन वाटांनी गावात जायचं. गावातली ही सगळ्यात उंच जागा. मग पुढचा प्रश्न तुला पडायलाच हवा: ३० मीटर उताराचा दाब शिशाच्या नळांनी सोसला कसा?

उत्तर रस्त्यातच उभं आहे. चौकाचौकांत सहाएक मीटर उंचीचे खांब दिसतील. त्यांच्या डोक्यावर शिशाच्या टाक्या असायच्या. पाणी वर चढायचं, टाकीत मोकळं व्हायचं, पुन्हा खाली उतरायचं, आणि दर टप्प्याला दाब तुटायचा. आपल्याकडे आजही ब्रेक प्रेशर टँक बांधतो ते याच तत्त्वावर. खांबावर नळाची उभी खाच दिसते, तिथे बोट लावून बघ. नळांचे तुकडे पदपथाच्या कडेला अजून आहेत.

खांबाशेजारी बहुतेक ठिकाणी सार्वजनिक हौद असतो: लाव्हाच्या दगडाच्या चार फरश्या, लोखंडी पट्ट्यांनी जोडलेल्या. तोटीच्या दोन्ही बाजूंना दगडाची कड झिजलेली आहे. पाणी प्यायला वाकणाऱ्याने हात टेकायची जागा ती. आपल्या विहिरींच्या काठाला दोराच्या खाचा पडतात ना, तशीच झीज. असे चाळीसेक हौद त्या गावात होते. त्यांचं ओसंडणारं पाणी रस्त्यावरून वाहायचं, म्हणून पदपथ इतके उंच आणि रस्ता ओलांडायला मध्ये मोठे दगड. त्या दगडांवर उभं राहून सगळे फोटो काढतात. पाणी कुठून आलं हे विचारायला कुणी वर जात नाही.

उतरताना सेसिलियस जुकुंदस या सावकाराचं घर लागतं. इसवी सन ६२ साली मोठा भूकंप झाला, म्हणजे गाव गाडणाऱ्या ७९ च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकाआधी सतरा वर्षं. याच घराशी निगडित असलेल्या एका संगमरवरी पट्टीवर तो भूकंप कोरला आहे, आणि त्यात काय हलताना दाखवलंय? तू जिथून निघालीस ती वेस आणि शेजारची पाण्याची इमारत. उद्रेकाच्या वेळीही गावात नळांसाठी खोदलेले चर उघडे होते. माझं आयुष्य नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात गेलं. अर्धवट खोदलेला रस्ता आणि रोज शिव्या देणारे लोक मला पाठ आहेत. त्या चरांबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पुढे स्टाबियन स्नानगृहं आहेत. कालवा यायच्या आधी तिथे खोल विहिरीतून पाणी उपसत. लगतच्या गल्लीतल्या एका भट्टीत ८१ पाव जळून कोळसा झालेले सापडले. बघ, एकाच रस्त्यावर किती आहे! एकच रस्ता, मुली.

मी स्वतः गेले ती सहलकंपनीच्या बसने. त्यांनी पॉम्पेईला दोन तास दिले होते आणि पुढे काप्री बेटाची बोट होती. मी बोट सोडली. पैसे बुडाले, नवऱ्याचे दोन दिवस बिघडले, आणि घरात तो विषय अजून निघतो. हर्क्युलेनियम माझं राहिलं ते राहिलंच. तिथे लाकडी तुळया, पलंग, दारं कोळसा होऊन टिकली आहेत. ती आता फोटोतच बघायची, कारण गुडघे साथ देत नाहीत. वाईट वाटतं. खूप वाटतं. पण दोन्ही गावं पळत पाहिली असती तर मला तुला आज हे पत्र लिहिता आलं नसतं. बोटीतल्या मंडळींना काप्रीचं काय आठवतं ते मी विचारलंय. जेवण आठवतं.

आता सोयीचं. रोमहून एका दिवसात येऊ नकोस, नेपल्सला दोन रात्री राहा. पहिल्या दिवशी तिथलं पुरातत्त्व संग्रहालय कर. मंगळवारी बंद असतं. पॉम्पेईतली उत्तम भित्तिचित्रं आणि मोझेक तिथेच आहेत. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्तीही त्याच संग्रहालयाची. आपल्या तेरला आणि भोकरदनला तिच्या जवळच्या मूर्ती सापडल्या आहेत. तेर तुझ्या आजोळापासून तासाभरावर असून तू अजून गेली नाहीस, हे मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरिबाल्दी स्थानकावरून सोरेंतोकडे जाणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना गाडी धर आणि 'पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी' इथेच उतर. पॉम्पेई नावाचं दुसरंही स्थानक आहे, त्यात फसू नकोस. महिन्याचा पहिला रविवार टाळ, प्रवेश फुकट म्हणून झुंबड असते. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. सावली फार कमी आहे. टोपी घे, जाड तळव्यांचे बूट घाल, बाटली आतल्या नळांवर भर. एखादं घर दुरुस्तीसाठी बंद असलं तर हळहळू नकोस, रस्ता सहसा बंद नसतो.

अमाल्फीचं बुकिंग आजच रद्द कर, मैत्रिणींना जाऊ दे. पॉम्पेईला दिवसाला वीस हजारांची मर्यादा घातली आहे आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा आधीच काढ. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाक, आणि पासपोर्ट बरोबर ठेव.

तुझी,
मावशी