झबलं ६१११, टोपरं ६५०५

तुमचा प्रश्न असा की, ढाक्याहून ० ते ५ वर्षांच्या मुलांचे होजिअरी (टीशर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या विणीचे) कपडे मागवताय, पुरवठादार सगळ्यांना सरसकट ६१११ हा एचएस कोड (कस्टम्समध्ये माल ओळखायचा आकडा) लावतोय, तर चालेल का? नाही चालणार. तुमच्या यादीतले बरेचसे साइज त्यात बसतच नाहीत.

६१११ हे बाळांच्या होजिअरी कपड्यांचं हेडिंग, म्हणजे कोडचे पहिले चार आकडे. बाळ कुणाला म्हणायचं हे कस्टम्स टॅरिफच्या चॅप्टर ६१ च्या नोट ६ मध्ये लिहिलंय: अंगाची उंची ८६ सेंटिमीटरपर्यंत असलेलं मूल. वयाचा तिथे उल्लेखच नाही. आणि उंची मुलाची, कपड्याची नव्हे. नवी माणसं हमखास झबल्यालाच टेप लावतात. ८६ सेंमी म्हणजे साधारण दीड-दोन वर्षांचं पोर. युरोपियन लेबलवर उंचीच छापलेली असते, त्यामुळे ८० आणि ८६ आत, ९२ बाहेर, वाद नाही. महिन्यांची लेबलं मात्र छळतात. ‘१८-२४ महिने’ हा साइज बरोबर उंबरठ्यावर बसतो. त्यासाठी पुरवठादाराकडून सेंटिमीटरमधला साइज चार्ट सही-शिक्क्यानिशी मागा, आणि इन्व्हॉइस व पॅकिंग लिस्ट साइजवार करून घ्या.

हे मी ठेच लागून शिकलोय. चीनहून आलेले फ्रॉक (मागावरच्या कापडाचे, म्हणजे ६२०९) मी ‘सगळं बेबीचंच’ म्हणून एका ओळीत दाखवले. अधिकाऱ्यानं खोकं उघडलं, लेबलवर ९० आणि १०० वाचलं, आणि विषय संपला. दंड फार नव्हता. सीएफएसचं (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं) भाडं आणि डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) मात्र नफा खाऊन गेलं.

८६ च्या वर गेलात की मोठ्यांचीच हेडिंगं: टीशर्ट ६१०९, मुलांची पँट ६१०३, मुलींचा फ्रॉक ६१०४. इथे मुलगा-मुलगी हा भेदही येतो. पुढची गुंड्यांची पट्टी डावी उजवीवर येत असेल तर मुलाचा, उजवी डावीवर तर मुलीचा; बेतण्यावरून स्पष्ट कळत असेल तर पट्टी पाहायची नाही. आणि काहीच ठरत नसेल तर तो मुलींचा धरायचा! कापडाचं सोपं आहे: वजनानं जो धागा जास्त तो खरा. ५०-५० कॉटन-पॉलिएस्टर असेल तर सिंथेटिकमध्ये जातं, कारण बरोबरी झाली की क्रमानं नंतर येणारा चॅप्टर जिंकतो.

गिफ्ट सेट मागवणार असाल तर जास्त सांभाळा. आपण झबलं-टोपरं एका दमात म्हणतो, कस्टम्समध्ये त्यांची ताटातूट होते. झबलं ६१११, लाळेरंही ६१११, पण टोपरं ६५०५, ब्लँकेट ६३०१ आणि लंगोट ९६१९. विणलेले बुटू ६१११ मध्ये चालतात, पण खाली वेगळा तळवा शिवलेला वा चिकटवलेला असेल तर ते चॅप्टर ६४ चे बूट झाले.

‘ड्यूटी सगळीकडे सारखीच, मग एवढी उठाठेव कशाला?’ असं तुमचा सीएचए (कस्टम्सचं काम करणारा एजंट) म्हणेल. सगळीकडे सारखी नाही; मोठ्या मुलांच्या काही ओळींवर टक्के किंवा नगामागे रुपये, यांपैकी जे जास्त ते लागतं. पण तुमच्या बाबतीत खरी गोम साफ्टाच्या (दक्षिण आशियाई देशांमधल्या मुक्त व्यापार कराराच्या) सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनमध्ये, म्हणजे माल कुठल्या देशात बनला याच्या दाखल्यात आहे. त्यावर एचएस कोड असतो. तो आणि बिल ऑफ एंट्रीवरचा (कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या कागदावरचा) कोड जुळला नाही की ड्यूटीतल्या सवलतीवर प्रश्नचिन्ह येतं. लाखाच्या मालावर हिशेब करा: सवलत मिळाली तर बेसिक ड्यूटी शून्य, फक्त ५ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणजे ५,००० रुपये. नाकारली तर २० टक्के बेसिक, तिच्यावर १० टक्के अधिभार, मिळून २२,०००. मग १,२२,००० वर आयजीएसटी ६,१००. एकूण २८,१००. म्हणून सर्टिफिकेट निघण्याआधीच कोड पक्के करा, माल निघाल्यावर नाही. त्यातूनही शंका उरली तर मुंबईत अॅडव्हान्स रूलिंगचं (माल आणण्याआधीच कोडबद्दल अधिकृत निर्णय देणारं) प्राधिकरण आहे. एका कंटेनरसाठी मी त्या वाटेला जाणार नाही, दरमहा मागवणार असाल तर जरूर जा.

आणि हो, पुरवठादारानं पेट्रापोलमार्गे (पश्चिम बंगालमधल्या सीमा नाक्यावरून) ट्रकचा भाव दिला असेल तर तो बाजूला ठेवा. १७ मे २०२५ च्या आदेशानं बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरची नाकी बंद झाली. बंदरं दोनच, न्हावा शेवा आणि कोलकाता.

साइज चार्ट आला की १८-२४ महिन्यांची ओळ मला दाखवा.