समुद्राजवळच्या दवाखान्यात चित्रं कोणती लावावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडात खाडीजवळ चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) जुन्या घरात, तळमजल्यावर, तुम्ही आणि तुमच्या दंतवैद्य पत्नी मिळून दवाखाना सुरू करताय. बसायची एक खोली, तपासणीच्या दोन आणि ड्रेसिंगची एक. मागे पोफळीची बाग आहे, पण खिडक्यांना दुधी फिल्म लावायचं ठरलंय. चित्रांसाठी २५ हजार बाजूला काढलेत. काय लावावं, आणि पावसाळ्यात ते टिकेल का?

नमस्कार डॉक्टर. कुडाळात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, १९ वर्षं झाली. सावंतवाडीपासून विजयदुर्गापर्यंत बऱ्याच दवाखान्यांत मी स्वतः शिडीवर चढून चित्रं लावलीत. त्यातली काही पुन्हा स्वतःच उतरवलीत. तुम्ही आधीच विचारताय हे फार चांगलं केलंत. बहुतेक ठिकाणी हा विषय उद्घाटनाच्या आदल्या दिवशी निघतो आणि मिळेल ते टांगलं जातं.

चित्रं बघायला सुरुवात करण्याआधी एक काम करा. खुर्च्या जिथे ठेवणार तिथे मांडा आणि मोबाइल बाजूला ठेवून प्रत्येक खुर्चीवर १० मिनिटं बसा. तुमच्या पेशंटला तिथे अर्धा तास बसायचंय, तापात, दाढ धरून, किंवा रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन. त्या खुर्चीतून काय दिसतं? पुष्कळदा समोर संडासाचं दार असतं, नाहीतर ड्रेसिंगच्या खोलीतली ट्रॉली, आणि चांगलं चित्र मात्र रिसेप्शनच्या मागे, जिथे फक्त आत येणाऱ्याला दिसतं आणि बसलेल्याच्या पाठीकडे राहतं. घरात आपण चित्र उभ्या माणसाच्या नजरेने लावतो. दवाखान्यात माणूस बसलेला असतो, म्हणून चित्राचा मध्य जमिनीपासून ४ ते सव्वाचार फुटांवर धरा. चित्राखालीच खुर्च्या येणार असतील तर डोकी टेकणार नाहीत इतकं वर घ्या.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तुमच्या गावात ती हमखास होण्यासारखी आहे. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका दवाखान्यासाठी ४ फुटी प्रिंट केली होती. आषाढातला समुद्र, खडकावर फुटलेली लाट, मागे काळं आभाळ आणि लाटेच्या पोटात एक होडी. फोटो अप्रतिम होता. डॉक्टर घाटावरचे, त्यांनाही आवडला, मलाही. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, घरातल्या एक आजी दर खेपेला खुर्ची फिरवून भिंतीकडे पाठ करून बसत. त्यांनी विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, "डॉक्टरानू, ता चित्र काढून ठेवा. माझो झील गेलो तेवा दर्यो असोच होतो." झील म्हणजे मुलगा. त्याच संध्याकाळी जाऊन मी ते उतरवलं. आजींना मी कधी भेटलो नाही, पण त्यांचं हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

मुंबई-पुण्याच्या माणसाला समुद्र म्हणजे सुट्टी. तुमच्या पेशंटांपैकी निम्म्यांची रोजी त्यावर चालते आणि बऱ्याच घरांतली माणसं त्याने नेलेली आहेत. समुद्र लावूच नका असं मी म्हणणार नाही, लोकांचा जीव त्याच्यावर असतोच. पण सुकतीचं (ओहोटीचं) शांत पाणी लावा, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, खाडीकाठची तिवरं. होडी परत आलेली दिसू दे. रत्नागिरीचे प्रल्हाद अनंत धोंड, जे जे स्कूल ऑफ आर्टचे अधिष्ठाता होते, त्यांचे जलरंगातले समुद्र कुठे बघायला मिळाले तर जरूर बघा. पाणी आणि आभाळ किती कमी रंगात उभं राहतं आणि डोळ्याला किती विसावा मिळतो ते कळेल. असं काम शोधायचं. सावर्ड्याच्या सह्याद्री स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली मुलं कोकणभर आहेत. आपल्याच खाडीचं चित्र अशा एखाद्या मुलाकडून करून घेता येतं.

चित्राने खरंच फरक पडतो का, असंही तुम्ही विचारलंय. एका सर्जन गिऱ्हाइकांनी मला रॉजर उलरिच या संशोधकांचा अभ्यास समजावून सांगितला होता, तो 'सायन्स' मासिकात १९८४ साली आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी त्यांनी तपासल्या. पित्ताशयाच्या ऑपरेशनचे रुग्ण, सारख्या वयाच्या आणि प्रकृतीच्या २३ जोड्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडांकडे तोंड असलेले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. पुढे स्वीडनमध्ये उप्साला इथल्या हॉस्पिटलात हृदयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांसमोर चित्रं ठेवून पाहिली. पाणी आणि झाडं असलेल्या चित्राने घालमेल कमी झाली, सरळ रेषांच्या अमूर्त चित्राने मात्र काहीच चित्र नसण्यापेक्षाही वाढली. अमूर्त चित्रं मला स्वतःला फार आवडतात, घरी आहेत. पण घाबरलेला माणूस न कळणाऱ्या आकारात आपलीच भीती बघतो. ती तुमच्या घरच्या दिवाणखान्यात लावा.

उलरिच यांचा अभ्यास खिडकीचा होता, हे ध्यानात घ्या, आणि तुमच्याकडे खिडकीबाहेर आख्खी पोफळीची बाग आहे! तिथे पूर्ण दुधी फिल्म लावायचा बेत कृपा करून रद्द करा. बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंत फिल्म लावा, वरची काच मोकळी सोडा. आतलं बाहेरून फारसं दिसणार नाही आणि पेशंटला झावळ्या दिसतील. बसायच्या खोलीतल्या निदान ३ खुर्च्या त्या खिडकीकडे तोंड करून मांडा. याला एक पैसा लागत नाही.

आता भिंतीवर काय. आपल्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोन कला मी आधी सुचवेन. एक पिंगुळीची चित्रकथी. ठाकर समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रांची पोथी समोर धरून एकेक पान दाखवत रामायण-महाभारतातली कथा गायची, अशी ती रीत. मोठ्या डोळ्यांची माणसं, ठसठशीत रेषा, दुरून ओळखू येणारी. चष्मा घरी विसरलेल्या म्हाताऱ्यालाही दिसतात, हा मोठा गुण. मात्र युद्धाची, वधाची पानं घेऊ नका. पिंगुळीला जाऊन बसा, काय हवं ते सांगा. झाडं, हरणं, वनातली झोपडी असं पान निवडा किंवा नवीन करून मागा.

दुसरी सावंतवाडीची गंजिफा. राजवाड्यात आजही कारागीर हे खेळायचे गोल पत्ते हाताने रंगवताना दिसतात. दशावतारी गंजिफेत १० अवतारांचे प्रत्येकी १२, म्हणजे १२० पत्ते. त्यातला मत्स्याचा रंग, म्हणजे मत्स्यावताराच्या पत्त्यांचा गट, घ्या: एक्क्याच्या पत्त्यावर १ मासा, दुर्रीवर २, असं करत दश्शीपर्यंत. हे १० पत्ते एका लांब फ्रेममध्ये ओळीने बसवून मी एका बालरोगतज्ज्ञांकडे लावलेत, मुलांच्या उंचीला. मी भिंतीवर पातळी धरून अजून स्क्रू आवळतोय तोवर एक ४-५ वर्षांची पोर आईचा हात सोडून पुढे आली आणि काचेवर बोट ठेवून मासे मोजू लागली. सातव्या पत्त्यावर अडली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिचा नंबर आला तेव्हा आईला तिला ओढून न्यावं लागलं. काचेवर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते. तेव्हाच मी काच काढून अ‍ॅक्रिलिक बसवायचं ठरवलं, कारण मुलं हात लावणारच आणि त्यांनी तो लावावा.

वडीलधाऱ्या पेशंटांसाठी कातळशिल्पांचा फोटोही छान. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेत. माणसं तो बघत एकमेकांशी बोलायला लागतात. फोटो नेटवरून उतरवून छापू नका, काढणाऱ्याला विचारा, पैसे द्या. हाच नियम चित्रांना. चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं असतो, आणि तयार चित्र विकत घेतलं म्हणून त्याच्या प्रती काढायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

देवांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचार करावा लागेल. तुमच्याकडे हिंदू येतील, मुसलमान येतील, ख्रिस्ती येतील. तुमचा देव तुमच्या टेबलाजवळ असू द्या, कोणी वावगं मानत नाही. बसायच्या खोलीत मात्र सगळ्यांचं असेल ते लावा: झाड, पाणी, पक्षी, मासे. गुटगुटीत बाळांचे फोटोही तिथे नकोत. मूल होत नाही म्हणून किंवा गेलं म्हणून आलेली बाई त्याच खुर्चीत बसते. किडलेल्या दातांचे आणि यकृताचे तक्ते आत तपासणीच्या खोलीत, जिथे समजावून सांगायला तुम्ही समोर असाल. प्रमाणपत्रं आणि दरपत्रक यांना एक वेगळी भिंत द्या, चित्रांच्या मधे घुसवू नका.

तुमच्या तपासणीच्या खोलीत पिवळ्या रंगाचं मोठं काही लावू नका, भिंतही पिवळी नको. हे मला एका डॉक्टरांनीच शिकवलं. कावीळ डोळ्यांत बघायची तर खोलीतला उजेड स्वच्छ हवा. तिथे एकच लहान चित्र पुरे, पेशंट कॉटवर कूस वळवतो त्या बाजूला.

मॅडमच्या खोलीत चित्र छतावरच लावा. दाताचा पेशंट अर्धा तास तोंड उघडून वर बघत पडलेला असतो आणि वर असतो पंखा आणि ट्यूबलाइट. माडा-पोफळींच्या शेंड्यांचा खालून काढलेला फोटो, मधे आभाळ, हे तिथे फार शोभतं. पण लावण्याआधी स्वतः खुर्चीत आडवे व्हा, मॅडमचा दिवा जागेवर ओढा, आणि नजर जिथे पडते तिथे दुसऱ्याला खडूने खूण करायला सांगा. ती खूण बहुधा डोक्याच्या बरोबर वर येत नाही, थोडी पायांकडे सरकते. चित्राची वरची बाजू पेशंटच्या डोक्याकडे आणि खालची पायांकडे यायला हवी. पहिल्यांदा असं काम केलं तेव्हा मी दारातून बघून चित्र सरळ लावलं. खुर्चीत पडल्यावर ते उलटं दिसत होतं, सगळं पुन्हा खोलावं लागलं. छताला काच कधीही नको. हलकी शीट, चारही कोपऱ्यांत स्क्रू.

राहिला पावसाळा. सप्टेंबरात माझ्याकडे खोलायला येणाऱ्या फ्रेमा तुम्ही बघायला हव्यात. कागद काचेला चिकटलेला, त्यावर राखाडी बुरशीची गोल फुलं, कडेला कसरीने खाल्लेली नक्षी, मागचा हार्डबोर्ड पापडासारखा वाकलेला, आणि खिळ्याच्या गंजाचा तांबूस ओघळ भिंतीवर. तुमचं घर चिऱ्याचं, तळमजला, खाडी जवळ, म्हणजे ओल आणि खारी हवा दोन्ही. म्हणून हाताने केलेलं, कागदावरचं मूळ काम फक्त आतल्या, कोरड्या भिंतीवर, थेट ऊन लागणार नाही असं. त्याला माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, म्हणजे कागद आणि काच यांच्यात फट राहते. मागच्या कोपऱ्यांना रबराचे तुकडे चिकटवून घ्या, भिंत आणि फ्रेम यांच्यातून वारा फिरला पाहिजे. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेली) पट्टी स्वस्त म्हणून घेऊ नका, ती फुगते. सागवान किंवा अ‍ॅल्युमिनियम घ्या. बाहेरच्या भिंतींवर एसीपी शीटवरची (अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या पत्र्यावरची) प्रिंट लावा, तिला ना काच ना कागद. चिऱ्यात नुसता खिळा ठोकला की भुगा पडतो आणि खिळा सैल होतो, तेव्हा भोकात गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) घालून स्टेनलेसचा लांब स्क्रू, आणि प्रत्येक चित्राला दोन.

ड्रेसिंगच्या खोलीत फ्रेमच नको, कापडी काही तर नकोच. तिथे चित्र छापून भाजलेल्या टाइल्स भिंतीत बसवा, रोज फिनाइलने पुसा. बाकी खोल्यांत अ‍ॅक्रिलिक असेल तिथे पुसणाऱ्या मावशींना सांगून ठेवा: साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. दवाखान्यात स्पिरिट हाताशी असतं म्हणून तेच फिरवलं जातं, आणि स्पिरिटने अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जाऊन ते धुरकट होतं.

२५ हजारांत ८-१० लहान फ्रेमा घेऊन सगळ्या भिंती भरू नका. जवळजवळ निम्मे पैसे बसायच्या खोलीतल्या एका मोठ्या, चांगल्या चित्राला द्या. मग गंजिफा, मग छत. उरलेले हातात ठेवा.

आणि एप्रिलअखेर उघडताय, तर पश्चिमेची भिंत या वर्षी रिकामीच सोडा. जून ते सप्टेंबर ओल कुठून उतरते ते पेन्सिलीने खुणा करून बघा. दसऱ्यानंतर त्या खुणांचा आणि प्रत्येक खुर्चीवरून काढलेला समोरच्या भिंतीचा फोटो इथेच टाका, कुठे काय बसेल ते मी मापासकट सांगेन.