काल चिखलभर पक्षी, आज शून्य

प्रश्न: ताई, गेल्या वर्षी दुर्बीण घेतली आणि यंदा स्थलांतराच्या सीझनमध्ये सलग चार रविवार पहाटे उठून चिखलात खाणारे पक्षी बघायला खाडीच्या तोंडाशी गेलो. पहिल्यांदा पक्षी इतके लांब की नुसते ठिपके. दुसऱ्यांदा नुसतं पाणीच पाणी. तिसऱ्यांदा उशीर झाला तर उन्हाने सगळं थरथरताना दिसत होतं. चौथ्यांदा शून्य, आणि ग्रुपवर कोणीतरी आदल्या दिवशीचे त्याच जागेचे भन्नाट फोटो टाकलेले. माझं काही चुकतंय की नशीबच फुटकं?

उत्तर: नशीब बिचारं उगाच बदनाम होतंय. तुम्ही कॅलेंडर बघून जाताय आणि पक्षी भरती-ओहोटी बघून येतात, एवढाच घोळ आहे. दिवसातून दोनदा भरती येते त्या किनाऱ्यांवर तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्याला जवळजवळ सहा तास, म्हणजे या रविवारी पहाटे ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी पहाटे भरती! तुमचे पहिले दोन रविवार यातच गेले बघा. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने खात लांब जातात, पूर्ण भरतीला खायला जागाच उरत नाही म्हणून कुठल्यातरी उंचवट्यावर जाऊन गप्प बसतात. टाइड टेबल (भरती-ओहोटीचं वेळापत्रक) मोबाइलवर मिळतं, ते बघून भरतीच्या दोनअडीच तास आधी पोचा आणि एका जागी बसा. पाणी चढत जातं तसं तेच पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं, तुम्हाला काही करावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण असेल तर आणखी बरं, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी फार चढत नाही मग ते लांबच राहतात.

ऊन पाठीमागे येईल अशी जागा धरा. आणि थरथर सुरू झाली की स्कोपचा (तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीचा) झूम वाढवू नका, कमी करा, वाढवला की थरथरही मोठी होऊन दिसते (हे कळायला मला दोन सीझन लागले).

राहिला चौथा रविवार. आदल्या रात्री आभाळ मोकळं आणि वारा त्यांच्या पाठीचा असेल तर पक्षी बसतील कशाला, ते निघून गेले. उलटा वारा किंवा पाऊस आला की वरून जाणारे खाली उतरतात, म्हणून आपल्याला नको वाटतं ते हवामान संपल्या-संपल्या जाऊन बघा. शून्य मिळालं तरी नोंद टाका. ईबर्ड ही पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट २००२ पासून चालू आहे, आणि तिथे 'गेलो, नीट बघितलं, काही नव्हतं' हीसुद्धा माहितीच असते.

प्रश्न: सगळे तुतवार (चिखलातले ते छोटे सँडपायपर) मला सारखेच करडे दिसतात. पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पक्षी जुळतच नाही.

उत्तर: जुळणार कसं, पुस्तकात विणीच्या काळातला नवाकोरा पिसारा असतो आणि समोरचा प्रौढ पक्षी अर्धी पिसं झडलेला. पिसारा सोडा, आधी पाय, चोच, चाल बघा. लिटल स्टिंटचे पाय काळे, टेमिंक्स स्टिंटचे पिवळसर (चिखलाने माखलेले असले तर देवच जाणे). लाटेच्या पुढेमागे चावीच्या खेळण्यासारखा पळतो तो बहुतेक सँडरलिंग. आणि सँड प्लोव्हर ओळखता येईनात म्हणून रडू नका, हल्लीच लेसर सँड प्लोव्हरचे सैबेरियन आणि तिबेटन अशा दोन वेगळ्या जाती केल्यात, भलेभले 'सँड प्लोव्हर' एवढंच लिहून मोकळे होतात.

शंभर पक्षी चाळण्यापेक्षा एकच पक्षी वीस मिनिटं बघा. सुरुवातीला मी एकदा वहीत लिहिलं, 'एक लंगडा पक्षी'. मग दुसरा लंगडत आला, मग चौथा, सातवा, मी हळहळतेय की यांना काय झालं असेल, आणि तेवढ्यात पाणी पायाशी आलं तसा पहिल्या लंगड्याने पोटाच्या पिसांतून दुसरा पाय काढला आणि मस्त चालत गेला. विश्रांतीला एक पाय आत घेऊन उभे राहतात आणि जरा सरकायचं झालं तर तसेच उड्या मारत सरकतात. ते पान अजून फाडलेलं नाही.

प्रश्न: फोटोसाठी किती जवळ गेलेलं चालतं?

उत्तर: खाणं थांबवून माना वर झाल्या की तुम्ही आधीच जास्त जवळ गेलात, मागे या. पुढच्या प्रवासाची चरबी साठवायला आलेत ते, प्रत्येक उगाच उडण्यात ती जळते. ड्रोन तर नकोच नको.

प्रश्न: माझा नवरा दर सुट्टीला चिखल बघायला जातो. खरं सांगा, एवढं काय असतं त्यात?

उत्तर: एकदा त्याला कर्ल्यू सँडपायपरचं पिल्लू स्कोपमध्ये लावून द्यायला सांगा. पाठीवरच्या एकेका पिसाला फिकट किनार, अगदी माशाच्या खवल्यांसारखी, आणि छातीवर पीचच्या रंगाची हलकी झाक. सैबेरियाच्या उत्तर टोकाला जेमतेम काही महिन्यांपूर्वी अंड्यातून निघालेलं असतं ते. आधी बाप निघतात, मग आया, पिल्लं मागे राहतात आणि नंतर आपली आपण निघतात, वाट दाखवायला कोणी नाही. २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट नावाच्या अशाच एका चिखलातल्या पक्ष्याचं पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियाला गेलं, सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, मध्ये कुठेही न उतरता. पाठीवर ट्रान्समीटर होता म्हणून कळलं तरी. आणि तुमच्या समोरचं ते चिखलात चोच खुपसून किडे शोधत असतं, जसं काही इथेच वाढलंय.

बुटांचा चिखल मात्र त्याचा त्यालाच धुवायला लावा, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.