ओल गेली का? पानगळीतल्या घरगुती उद्योगांचे प्रश्न

यावेळी पत्रांचा नुसता ढीग आलाय आणि निम्म्याहून जास्त पत्रं पानगळीच्या उद्योगांची, म्हणजे पानांच्या माळा, भोपळे, पाइनकोन (पाइनच्या झाडाचे खवल्यांचे शंकू), कॅरेमल, मेणबत्त्या वगैरे. काहींनी फोटोपण पाठवलेत. एका फोटोतली काळी केसाळ चकती काय आहे हे कळायला मला दोन मिनिटं लागली, ती संत्र्याची फोड होती. सगळं एका बैठकीत वाचून काढल्यावर लक्षात आलं की प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी बहुतेक ठिकाणी चोर एकच आहे, ओल. असो, एकेक घेऊ.

प्रश्न: ताई, लाल-पिवळी पानं मोठ्या हौसेने गोळा केली आणि जाड पुस्तकात ठेवली. दहा दिवसांनी काढली तर लाल पानं तपकिरी झालेली आणि माळेत ओवताना सगळ्यांचा चुरा. काय चुकलं?

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात. आधी रंगाचं बघू. पानातला पिवळा-केशरी रंग वर्षभर तिथेच असतो, फक्त हिरव्या क्लोरोफिलखाली झाकलेला असतो, आणि पानगळीच्या आधी क्लोरोफिल तुटलं की तो उघडा पडतो. लाल रंगाचं तसं नाही, तो बहुतेक झाडं त्या दिवसांत नव्याने तयार करतात, पानात अडकलेल्या साखरेपासून, म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा (पण बर्फ पडण्याइतका नाही) असेल त्या वर्षी लाल जास्त खुलतो. हा लाल रंग, म्हणजे अँथोसायनिन, जरा नाजूक प्रकरण आहे, उजेडात फिका पडतो आणि पान हळूहळू वाळत बसलं तर तपकिरी होतो. म्हणून लाल पान आणल्याबरोबर दाबायचं, दुपारी गोळा केलं आणि रात्री आठवलं असं चालत नाही. शिवाय पुस्तकाच्या गुळगुळीत कागदाला पाणी शोषता येत नाही, तर पानाच्या वर-खाली वर्तमानपत्राचा कागद घाला आणि पहिले चार-पाच दिवस तो रोज बदला. कंटाळवाणं आहे, पण सगळी गंमत त्यातच आहे.

आता चुरा. दाबलेलं पान कडकच होणार, त्यातलं पाणी गेलंय ना! माळ करायची असेल तर पाणी नुसतं काढायचं नाही, त्याच्या जागी दुसरं काहीतरी घालायचं, आणि ते म्हणजे ग्लिसरीन. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी, पसरट ट्रेमध्ये ओता, पानं एका थरात बुडवा आणि वर दुसरा ट्रे ठेवून दाबा, नाहीतर ती तरंगतात. तीन ते पाच दिवसांनी काढून पुसायची. बोटात धरून वाकवून बघा, पान पातळ चामड्यासारखं वळतं, तुटत नाही. रंग थोडा गडद होतो, ते मान्य करायचं. आणि पान जमिनीवर पडून कुरकुरीत झालं असेल तर ग्लिसरीनसुद्धा काही करू शकत नाही, नुकतीच पडलेली मऊ पानंच घ्या.

घाई असेल तर इस्त्री. मेणकागदाच्या दोन तुकड्यांमध्ये पान, वर जुना कॉटनचा कपडा, इस्त्री मध्यम आणि वाफ बंद. इथे एक चूक मी स्वतः केली आहे, मेणकागद संपला म्हणून केकचा बटर पेपर वापरला आणि वीस मिनिटं इस्त्री फिरवत बसले, काही चिकटेचना. बटर पेपरला सहसा सिलिकॉन असतं, मेण नाही, तर चिकटणार काय! आणि हो, माळ लावाल ती खिडकीच्या उन्हात नको.

प्रश्न: फिरायला गेलो तेव्हा मुलांनी पिशवीभर पाइनकोन आणले, टोपलीत ठेवले. दोन दिवसांनी टेबलावर बारीक किडे चालताना दिसले! आता सासूबाई म्हणतात सगळं फेकून दे.

उत्तर: फेकू नका, भाजा. ट्रेला फॉइल लावा (राळ वितळून ट्रेला चिकटली की ती काढता काढता जीव जातो) आणि ९० ते १०० डिग्रीवर अर्धा ते एक तास ठेवा, पण ओव्हनसमोरून हलायचं नाही, राळ पेट घेऊ शकते. किडे मरतात, राळेचा चिकटपणा जाऊन एक चकाकी येते, आणि घरभर जो वास सुटतो त्यानंतर सासूबाईंचं मत बदलेल असा माझा अंदाज आहे. कान देऊन ऐकलंत तर मधूनच बारीक टक् टक् आवाज येतो, तो खवले उघडण्याचा.

धुतल्यावर पाइनकोन मिटून बसले तर घाबरू नका, हे अजून तीन-चार जणांनी विचारलंय म्हणून इथेच सांगते. खवल्याच्या खालच्या बाजूच्या पेशी पाणी पिऊन जास्त फुगतात आणि वरच्या कमी, म्हणून खवला आत वळतो. वाळला की परत बाहेर. झाडाचं त्यात गणित आहे, बिया कोरड्या हवेत उडाव्यात, पावसात नाही. पाइनकोन झाडावरून पडून वर्ष झालं तरी हे चालूच राहतं, कारण त्याला जिवंत असायची गरजच नाही. मुलांना एक पाइनकोन पाण्याच्या ग्लासात टाकून दाखवा, थोड्या वेळात मिटतो, आणि रात्रभर कोरड्या जागी ठेवला की पुन्हा उघडतो. सजावट राहिली तरी चालेल, हे बघाच.

ओकची फळं आणली असतील तर त्यावर बारीक गोल भोक आहे का ते बघा. भोक असेल तर आतली अळी बाहेर पडून गेली, आणि नसेल तर ती अजून आत असू शकते! ही फळंपण भाजून घ्या.

प्रश्न: मी भोपळा कोरून त्यात दिवा लावला, इतका सुंदर दिसत होता. तिसऱ्या दिवशी तोंड आत गेलं, पाचव्या दिवशी बुरशी. लोकांचे महिनाभर कसे टिकतात?

उत्तर: कोरलेला महिनाभर टिकत नाही हो, थंड हवेत फार तर आठवडा, उबदार घरात तीन-चार दिवस. भोपळ्याची साल हेच त्याचं चिलखत, ते आपण स्वतःच्या हाताने फोडतो आणि मग आत ओलसर गर, वर गरम दिवा, बुरशीला अजून काय पाहिजे? थोडे दिवस वाढवता येतात. आतला गर आणि धागे चमच्याने अगदी खरवडून काढा, चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा ब्लीच घालून त्याने पुसा आणि पूर्ण वाळवा, मग कापलेल्या कडांना पेट्रोलियम जेली लावा, मेणबत्तीऐवजी सेलवरचा दिवा ठेवा. रात्री फ्रीजमध्ये जागा असेल तर तिथे.

पण माझं मत विचाराल तर कोरूच नका. अख्खा भोपळा, देठासकट, थंड कोरड्या जागी दोन-तीन महिने आरामात बसतो. घेताना नख दाबून बघा, साल नखाला दाद देत नसेल तो घ्यायचा. आणि देठाला धरून उचलू नका, देठ तुटला की तिथूनच सडायला सुरुवात. त्यावर खडूने काढा, रंगवा, सुतळी गुंडाळा, पानं चिकटवा, काय वाटेल ते. फक्त रंगवलेला किंवा ब्लीच लावलेला भोपळा नंतर खायचा नाही, हे सांगायला लागू नये पण एका पत्रात सूप करू का असं विचारलंय! तसेही कोरायचे ते मोठे भोपळे पाणचट आणि धागेदार असतात, खायला लहान आणि जड बघून घ्या.

कोरलाच तर बिया टाकू नका. धुवा, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा (मीठ आतपर्यंत जातं आणि भाजल्यावर साल कुरकुरीत होते), फडक्यावर पसरून खडखडीत वाळवा, तेलाचा हात लावून १७५ डिग्रीवर पंधरा-वीस मिनिटं. ओल्याच टाकल्या तर भाजत नाहीत, वाफवतात, आणि चावताना दोरी चावल्यासारखं वाटतं.

प्रश्न: ताई मी कॉलेजला आहे, मैत्रिणींसाठी कॅरेमल अ‍ॅपल करायला गेले, सगळं कॅरेमल घसरून खाली थारोळं झालं. दुसऱ्यांदा केलं तर रवाळ. प्लीज सांगा ना.

उत्तर: अगं थारोळं वाचून हसले, पण माझंही झालंय. विकतच्या सफरचंदावर बऱ्याचदा मेणाचा पातळ थर असतो, त्यावर कॅरेमलला पकडच मिळत नाही. उकळत्या पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवून काढ आणि खरखरीत टॉवेलने चोळून पूस, चमक गेली पाहिजे. मग पूर्ण वाळू दे. दुसरं म्हणजे फ्रीजमधून काढून लगेच बुडवू नकोस, गार सफरचंदावर हवेतलं पाणी धरतं आणि कॅरेमल त्या पाण्यावरून घसरतं.

तिसरं, कॅरेमल किती शिजलं. साखर, बटर, क्रीमचं मिश्रण ११८ ते १२० डिग्रीपर्यंत जायला हवं. थर्मामीटर नसेल तर गार पाण्याच्या वाटीत एक थेंब टाक, बोटांनी गोळी करता आली आणि ती दाबल्यावर दबली पण आकार सोडला नाही, की झालं. गोळी पसरली तर अजून शिजव, काचेसारखी कडक झाली तर जास्त झालं, ते दातांना लागेल. गॅस बंद करून बुडबुडे बसेपर्यंत थांब, जरा दाट झालं की बुडव, बाहेर काढून उलटं धर आणि तळ भांड्याच्या कडेला पूस. थारोळं तिथेच वाचतं.

रवाळ का झालं? कडेला चिकटलेला साखरेचा एखादा दाणा आत पडला की त्याच्याभोवती बाकीची साखर जमायला लागते. म्हणून नुसती साखर-पाणी विरघळेपर्यंतच ढवळायचं, मग ओल्या ब्रशने कडा पुसायच्या, आणि त्यात लिंबाच्या रसाचे दोन-चार थेंब टाकायचे. क्रीम मात्र नंतर कोमट करून घाल, गार घातलंस तर भांडं अंगावर येतं.

आणि करून ठेवलेली फ्रीजमध्येच ठेव. काडी खुपसली की सफरचंदाचा रस बाहेर येतो आणि कॅरेमलच्या खाली ओल तयार होते. अमेरिकेत २०१४ मध्ये विकतच्या कॅरेमल अ‍ॅपलमधून लिस्टेरिया नावाच्या जिवाणूची साथ पसरली होती, लोक दगावलेही. घरी केलेली दोन-तीन दिवसांत संपव. ती तशीही उरत नाहीत.

प्रश्न: संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्यांची माळ केली, आठवड्यात काळी बुरशी. (फोटो जोडला आहे.)

उत्तर: फोटो मिळाला! चकत्या जाड कापल्यात, पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको. कापल्यावर टिश्यूने टिपा, ओव्हन ९५ डिग्री, तीन ते चार तास, मधे उलटा. कड वाळली म्हणजे झालं असं समजू नका, मधला गर सगळ्यात शेवटी वाळतो, तिथे बोट चिकटत असेल तर अजून अर्धा तास. राहिलेली साल, दालचिनी, लवंगा पातेल्यात मंद उकळत ठेवल्या की घराला छान वास येतो, फक्त पाणी आटतंय का बघत राहा. घरात मांजर असेल तर सुगंधी तेलं मात्र त्या पातेल्यातही नको आणि कशातच नको, बरीचशी तेलं मांजरांना विषारी असतात.

प्रश्न: घरी केलेली मेणबत्ती मधोमध विहिरीसारखी खोल जळते आणि कडेचं मेण तसंच राहतं. आणि तिच्याभोवती सुक्या पानांची रिंग केली तर छान दिसेल ना?

उत्तर: पानांच्या रिंगचं उत्तर आधी: अजिबात नाही. सुकं पान म्हणजे सरपण. ग्लिसरीनचं असलं तरी नाही.

विहिरीचं कारण म्हणजे पहिल्या वेळेस लवकर विझवली. पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचं मेण काठापर्यंत वितळू द्या, साधारण अडीच सेंटिमीटर रुंदीला एक तास असा हिशोब, नाहीतर पुढच्या वेळी ती तेवढ्याच वर्तुळात वितळत राहते. इतकं करूनही तेच झालं तर वात बारीक आहे, पुढच्या वेळी जाड घ्या. आणि दर वेळी लावायच्या आधी वात सहा मिलिमीटर ठेवून बाकीची कापा, काजळी कमी येते.

प्रश्न: मुलांबरोबर मिठाच्या पिठाची पानं केली, ओव्हनमध्ये फुगली आणि तडकली.

उत्तर: ओव्हन जास्त गरम होता. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी, दहा मिनिटं मळा, पाच मिलिमीटर लाटा, आणि १०० ते १२० डिग्रीवर दोन-तीन तास. भाजायचं नाहीये, वाळवायचंय. माळेसाठी भोक आधी पाडा, स्ट्रॉने छान पडतं. कुत्रा असेल तर कच्चं पीठ आणि झालेली पानं दोन्ही त्याच्या तोंडापासून लांब ठेवा, एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

प्रश्न: हे सगळं पुढच्या वर्षीसाठी ठेवता येतं का? मागच्या वेळी प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलं होतं, उघडलं तर कुबट वास.

उत्तर: येतं, पण पुठ्ठ्याच्या खोक्यात. प्लॅस्टिकच्या डब्यात थोडी जरी ओल राहिली तरी ती वर्षभर तिथेच कोंडते. ठेवायच्या आधी सगळं एक दिवस कोरड्या खोलीत वर्तमानपत्रावर पसरून ठेवा, मग थरांमध्ये कागद घाला. संत्र्याच्या चकत्यांचं खोकं वेगळं करा, मुंग्यांना त्यांचा पत्ता बरोबर लागतो. भोपळा मात्र खोक्यात घालू नका, एकीने खरंच घातला होता आणि तिचं ते पत्र मी इथे छापत नाही.