अतिनील प्रकाश, लोह आणि पाण्यातील प्रतिजैविके

प्रश्न : औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविके अतिनील प्रकाश आणि लोखंड वापरून नष्ट करता येतात, असे वाचनात आले. आमच्या घरच्या जलशुद्धीकरण यंत्रात यूव्ही दिवा आहेच. त्यात लोखंडी खिळा ठेवला तर तोच परिणाम मिळेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मिळणार नाही, आणि खिळा टाकण्याच्या फंदात पडूही नये. आपण वाचलेली पद्धत बहुधा फोटो-फेंटन प्रक्रिया असावी. तिच्यात लोहाचे क्षार पाण्यात विरघळवावे लागतात आणि त्यांच्या जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतो. त्याचा उल्लेख लोकांसाठीच्या लेखनात अनेकदा राहून जातो.

फेरस लोह आणि पेरॉक्साइड एकत्र आले की टार्टारिक आम्लाचे जोरदार ऑक्सिडीकरण होते, हे हेन्री फेंटन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये दाखवले. या अभिक्रियेत हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे एक सुटा इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील कण, तयार होतात. ते क्षणभरच टिकतात, पण तेवढ्यात समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतात. अडचण अशी की फेरस लोहाचे फेरिक लोह (एक इलेक्ट्रॉन गमावलेले रूप) झटपट होते, परत फिरताना मात्र ते फार रेंगाळते. अतिनील प्रकाशाचे मुख्य काम येथेच आहे : तो फेरिकचे पुन्हा फेरस करतो आणि त्या ओघात आणखी एक मूलकही मिळवून देतो. त्यामुळे थोडेसे लोह पुन्हा पुन्हा वापरले जाते. खर्ची पडतो तो पेरॉक्साइड.

ही प्रक्रिया सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ३ च्या किंचित खाली सर्वांत चांगली चालते, म्हणजे पाणी आधी चांगलेच आम्लयुक्त करावे लागते आणि शेवटी अल्कली घालून उदासीन करावे लागते. त्या वेळी लोह गंजाच्या रंगाच्या चिकट गाळाच्या रूपाने तळाशी बसते, आणि त्या गाळाची विल्हेवाट हा वेगळाच खर्च होऊन बसतो. आपल्याकडील विहिरींच्या जड पाण्यातील बायकार्बोनेट तर मूलकांना परस्पर गिळून टाकते. स्वयंपाकघरातील यंत्रात यांपैकी काहीच साधणार नाही. त्यातील दिव्याची मात्रा जंतू मारण्यापुरती बेतलेली असते. बहुतेक प्रतिजैविकांचे रेणू तोडण्यास त्याहून कितीतरी अधिक प्रकाश लागतो.

या पद्धतीची खरी जागा कारखान्याच्या सांडपाण्यावर, तेही ते इतर पाण्यात मिसळण्यापूर्वी. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले होते, आणि ते पाणी ‘प्रक्रिया केलेले’ होते. अशा पाण्यातील औषध नाहीसे झाले एवढ्यावर समाधान मानणे मात्र घाईचे ठरेल. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रेणूतील पायपराझिन वलय बहुधा आधी तुटते, गाभा तसाच राहतो, आणि अशा अर्धवट तुकड्यांत जंतुनाशक गुण काही अंशी शिल्लक असू शकतो. म्हणून प्रक्रियेनंतरचे पाणी जिवाणूंवर टाकून त्यांची वाढ अजून रोखली जाते का, हेही तपासावे लागते. त्यापूर्वी उरलेला पेरॉक्साइड काढला नाही, तर जिवाणू त्यानेच मरतात आणि निष्कर्ष फसवा निघतो.

भारतात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अंशांवर मर्यादा घालणारा मसुदा २०२० मध्ये निघाला होता. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा वगळल्या गेल्या. मर्यादाच नसेल, तर एवढा खटाटोप आणि खर्च कारखाने आपणहून करतील, असे आम्हाला वाटत नाही.